चेहऱ्यात काही निघालं का?

क्ष-किरण विभाग, तळघर
बुधवार, जेवणाची सुट्टी

तीर्थरूप मामांच्या चरणी सात अंगांचा नमस्कार. (साष्टांगाला आठ अंगं लागतात हे मला ठाऊक आहे. पण डावा गुडघा दोन महिन्यांपासून वाकायला तयार नाही आणि वाकलाच तर उठायला तयार नाही, तेव्हा आठवं अंग बाकी राहिलं असं समजावं.) मामींनाही नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे कुणीच धड नाही, पण तक्रार करण्याइतकं कुणालाच काही झालेलं नाही. तुमची तब्येत कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. खोकला थांबला का? जिना चढून आलात की दारात उभे राहून किल्ली शोधल्याचं नाटक करता, आणि किल्ली मघापासून हातातच असते, असं मामी सांगत होत्या. ते अजून करता का?

फोन सोडून हे पत्र कुठून काढलं, असं तुम्हाला वाटेल. फोन केला होता, दोनदा. पहिल्यांदा तुम्ही आंघोळीला गेला होतात आणि दुसऱ्यांदाही आंघोळीलाच गेला होतात. शिवाय फोनवर तुम्ही माझा आवाज वाचता. कागदावर काय वाचायचं ते वाचा. मुद्दा एवढाच की तुमचा लखोटा तीन आठवडे झाले आमच्या खिडकीतल्या खोक्यात पडून आहे, आणि तो न्यायला तुम्ही येत नाही. खिडकीवरच्या बाईंनी तुम्हाला बोलावणं धाडलं, तर तुम्ही त्यांना म्हणालात की आमचा भाचाच तिथे आहे, त्याने पाहिलंय, त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की काही नाही. मामा, या माझ्या चेहऱ्यापायी मला लेखी मेमो मिळालेला आहे. तो का मिळाला हे तुम्हाला आधी कळलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

तुम्हाला माहीत आहे, मी फोटो काढतो. आमच्या कागदपत्रांत त्याला काहीही म्हणत असोत, येणारा प्रत्येक माणूस फोटोच म्हणतो आणि फोटोसारखाच तयार होऊन येतो. बायका केस नीट करतात. एका गृहस्थांनी छातीच्या फोटोसाठी दाढी करून यायला वेळ मागितला होता. हसू का, असं रोज निदान तिघे तरी विचारतात. (तुम्हीही विचारलं होतंत.) खिशातला चष्मा काढा, किल्ल्या काढा, साखळी काढा, असं सांगता सांगता माझा अर्धा दिवस जातो, आणि इतकं करूनही कुणाच्या तरी बरगडीत बॉलपेन निघतंच. हे सगळं चालतं. पण आमच्या धंद्यात एक नियम आहे. फोटो काढणाऱ्याने फोटो वाचायचा नाही. वाचणार डॉक्टरबाई. त्या वरच्या मजल्यावर अंधाऱ्या खोलीत बसून वाचतात, लिहितात, आणि मग लखोटा खाली येतो. मी फक्त "हनुवटी टेकवा, खांदे पुढे, श्वास घ्या, धरा, सोडा" एवढं बोलायचं आणि पुढच्याला आत घ्यायचं. सव्वीस वर्षं मी एवढंच बोलत आलो आहे. झोपेतही बोलतो असं तुमची भाचेसून म्हणते, आणि 'धरा'नंतर मी घोरायला लागलो तर ती बिचारी 'सोडा'ची वाट बघत जागी राहते.

आता घोडं कुठे पेंड खातं ते बघा. वाचणार बाई वर, लखोटा दोन दिवसांनी, आणि माणूस समोर उभा. तो शर्टाची बटणं लावता लावता कुणाकडे बघणार? माझ्याकडे. काचेमागून मी बाहेर आलो की तो माझं तोंड असं न्याहाळतो, जसं काही त्याची छाती माझ्याच कपाळावर छापून आली आहे. "काही निघालं का हो?" असं तोंडाने विचारणारे परवडले. न विचारता बघणाऱ्यांनी माझा घात केला.

दोन महिन्यांपूर्वी एक घड्याळजी आले. सकाळची वेळ, बाकावर वीसेक माणसं. घड्याळजी उंचीने कमी, म्हणून प्लेट खाली घ्यायला मी वाकलो आणि गुडघ्यात असं काही कडकन वाजलं की बाकावरच्या दोघांनी मान वळवली. फोटो निघाला. चांगला निघाला. मी लंगडत बाहेर आलो, दातओठ खात, डोळ्यांत पाणी. चालवेना, म्हणून आधारासाठी घड्याळजींच्याच खांद्यावर हात टेकला. मग त्यांना उंबरठा दिसावा म्हणून म्हणालो, "सावकाश जा." आणि वर एक उसासा टाकला. मामा, मी एवढंच केलं. दुसरा एक शब्द बोललो असेन तर जीभ झडो.

घड्याळजी सावकाश घरी गेले. घरी जाऊन त्यांनी काय काय केलं ते सगळं तक्रारअर्जात आहे, आणि अक्षर कोरीव असल्यामुळे साहेबांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दुकानातली बारीक हत्यारं समोरच्या घड्याळजीला देऊन टाकली, ज्याचं तोंड बघायचं नाही अशी त्यांची शपथ होती. बायकोला सांगितलं की लग्नापासून तू जे गाणं गुणगुणतेस ते मला कधीच आवडलेलं नाही, पण आता तू खुशाल म्हण. आणि सख्ख्या भावाकडे, ज्याच्याशी अकरा वर्षं अबोला होता, स्वतःहून जाऊन त्यांनी त्याची माफी मागितली. (भांडण वडिलांच्या भिंतीवरच्या घड्याळावरून. ते घड्याळ बंद आहे, दोघेही घड्याळजी, आणि अकरा वर्षांत एकाने ते दुसऱ्याला दुरुस्त करू दिलेलं नाही.) तिसऱ्या दिवशी लखोटा आला. छाती स्वच्छ, काही नाही.

तुम्हाला वाटेल, माणूस पेढे घेऊन येईल. घड्याळजी अर्ज घेऊन आले. त्यांचं म्हणणं असं की हत्यारं परत मागता येतील, फार तर नाक खाली होईल. पण मागितलेली माफी परत कशी घ्यायची? भाऊ आता रोज संध्याकाळी येऊन बसतो, अकरा वर्षांचं साठलेलं बोलतो. बायको त्यांच्यासमोर ते गाणं मुद्दाम मोठ्याने म्हणते. आणि हे सगळं कशामुळे, तर रुग्णालयातल्या एका माणसाचा चेहरा खोटा बोलला म्हणून. अर्जाच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं की चेहरा दुरुस्त करून मिळेल काय.

चौकशी झाली. मोठे साहेब, डॉक्टरबाई आणि मी, असे तिघे. मी गुडघ्याचं सांगितलं तर साहेब म्हणाले गुडघ्याचा पुरावा आणा. मी माझ्याच गुडघ्याचा फोटो माझ्याच सहकाऱ्याकडून काढून घेतला आणि डॉक्टरबाईंनी तो वाचला. गुडघ्यात काहीही नाही असं त्यांचं लेखी मत पडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. म्हणजे दुखणाऱ्या गुडघ्यात काही नाही, धडधाकट घड्याळजीत काही नाही, आणि सगळं काय ते माझ्या तोंडात. मेमोत लिहिलं आहे की 'कर्मचाऱ्याने चेहऱ्याद्वारे कोणतेही मत व्यक्त करू नये', आणि पुन्हा तक्रार आल्यास माझी बदली चादरींच्या कोठीत होईल. सव्वीस वर्षं माणसाच्या आत बघितल्यावर उरलेली चार वर्षं चादरी मोजत काढायची, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

साहेबांनीच उपाय सुचवला की हसतमुख राहा. राहिलो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तळघरात, लाल दिव्याखाली, शिशाचा जड एप्रन घातलेला माणूस काचेमागून हसत हसत बाहेर आला तर कोणाचीही पाचावर धारण बसेल. एक म्हातारी मला बघून मुसमुसायला लागली. म्हणाली, माझ्या घरधन्याच्या वेळीही सगळे असेच हसून बोलत होते. मग मी तोंडाला मास्क लावला, तर लोक डोळ्यांत बघायला लागले. मग ठरलं की बाहेर यायचंच नाही, सगळं भोंग्यातून सांगायचं. दुसऱ्याच दिवशी एक वकील परत आले आणि म्हणाले, "बाकी सगळं ठीक, पण 'सोडा' तुम्ही जरा हळू म्हणालात. का?" मी पाणी प्यायलो होतो.

शेवटी मी कोरा चेहरा शिकायला घेतला. रोज सकाळी आरशासमोर पंधरा मिनिटं. कपाळ सैल, ओठ मिटलेले पण दाबलेले नाहीत, भुवया आहेत तिथे, डोळे समोरच्याच्या कानाच्या पाळीवर. फार अवघड असतं, मामा. सुरुवातीला मला माझंच तोंड बघून हसू यायचं, मग रडू यायचं, मग काहीच येईनासं झालं तेव्हा साधलं असं समजलो. पण ते घरी काढून ठेवता येईना. भाजी कशी झाली आहे, असं तुमच्या भाचेसुनेने विचारलं आणि मी तिच्या कानाच्या पाळीकडे बघत बसलो. ती आठवडाभर माझ्याशी एकेका शब्दात बोलत होती. धाकटी शाळेतून धावत आली, स्पर्धेत पहिली आले म्हणाली. मी ऐकून घेतलं. मला फार आनंद झाला होता, पण तो तोंडापर्यंत पोचलाच नाही. तिने आत जाऊन आईला विचारलं की बाबांचं कुठे दुखतंय का. त्यानंतर तिने मला काही सांगितलेलं नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण आता आरशात बघितलं तर दिसणार नाही.

कामावर मात्र वाहवा. तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी साहेब स्वतः खाली आले, बाकावर बसून दहा माणसं माझ्यासमोरून जाताना पाहिली आणि म्हणाले, उत्तम, भिंत आहे नुसती. मेमो फाईलबंद करतो म्हणाले. आणि ते जिना चढून जातात न जातात तोच तुम्ही उतरलात. मामींनी ढकलून पाठवलं होतं, केसांना तेल, इस्त्रीचा शर्ट. तुम्ही अकरावे.

तुम्हाला सगळं आठवतच असेल. हसू का, असं विचारलंत, हनुवटी टेकवलीत, आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणालात की याला मी लहानाचा मोठा केला आहे. श्वास घ्या म्हटलं, घेतलात. धरा म्हटलं, धरलात. 'सोडा' म्हणायला मला जरा उशीर झाला (यंत्र जुनं आहे, कधी कधी अडतं), पण तुम्ही शिस्तीचे, परवानगीवाचून श्वास सोडला नाहीत, आणि मग बराच वेळ खोकत राहिलात. मी बाहेर आलो. तुम्ही बटणं लावत माझ्याकडे पाहिलंत. पस्तीस वर्षं गाडीत तिकिटं तपासलेला माणूस. चेहऱ्यावरून बिनतिकीट ओळखतो, तिकीट मागायची गरज नाही, असं सांगणारा. लहानपणी मी एवढीशी थाप मारली तरी तुम्ही काही न बोलता फक्त हात पुढे करायचात आणि म्हणायचात, "तिकीट?" आणि मी रडत सगळं सांगून टाकायचो. तुमच्या चष्म्याची काच, मामींची बरणी, गणिताचे मार्क, एकही थाप तुमच्या हातून सुटली नाही. त्या मंगळवारी तुम्ही माझ्याकडे अर्धा मिनिट बघितलंत, मग माझ्या गालावर थाप मारलीत आणि म्हणालात, "काही नाही ना? वाटलंच होतं मला." आणि शीळ घालत कँटीनकडे गेलात.

मी काही बोललो नाही. नियमच आहे तसा. पुढचा बारावा माणूस मी आत घेतला.

असो. बाकी विशेष काही नाही. वर लिहिल्यावरून तुमच्या ध्यानात आलं असेल की चेहऱ्यावरून काही कळतं ही समजूत किती चुकीची आहे, आणि घड्याळजींची काय दशा झाली. त्यांचा भाऊ परवा माझ्याकडे फोटोला आला होता. त्याने सांगितलं की ते भिंतीवरचं घड्याळ दोघांनी मिळून खोललं आहे आणि आता परत बसवता येत नाही. मामींना सांगा की मोरीच्या नळाला माणूस पाठवतो. तुम्ही जिना सावकाश चढा. लोभ मागत नाही, तो मला पहिल्यापासून फुकटच मिळत आला आहे.

तुमचा भाचा

ता. क. लखोट्याचं राहिलंच. येत्या सोमवारी सकाळी दहाला या. खिडकीवर नको, वर डॉक्टरबाईंच्या खोलीत. मामींना बरोबर आणा. आणि सहा वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला होता तेव्हाचा छातीचा फोटो कपाटावर गुंडाळून ठेवलेला आहे, तोही आणा. डॉक्टरबाईंना जुना शेजारी ठेवून नवा बघायचा आहे. असं त्या पुष्कळांना सांगतात.

ता. क. २. पुष्कळांना सांगत नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. लखोट्यावर त्यांनी लाल शाईने लिहिलं आहे की समक्ष व लवकर बोलवा. आत काय आहे ते मी सांगू शकत नाही. तोंडाने सांगायचं नाही, चेहऱ्याने सांगायचं नाही, आणि पत्राबद्दल मेमोत काही नसलं तरी मला तेवढं वाचता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की 'लवकर' हा शब्द त्या फार उशीर झालेल्यांसाठी वापरत नाहीत. त्यांच्यासाठी त्या काहीच लिहीत नाहीत, नुसत्या खाली येऊन बाकावर त्यांच्या शेजारी बसतात. तेव्हा आंघोळी आटपा आणि या.

ता. क. ३. यंत्र जुनं नाही. गेल्याच वर्षी आलं आहे आणि एकदाही अडलेलं नाही. फोटो पडद्यावर आला तेव्हा तुम्ही श्वास धरून उभे होतात आणि मला 'सोडा' हा शब्द आठवेना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आठवेना. मग मी काचेमागे कपाळ सैल केलं, भुवया जागेवर आणल्या, तुमच्या कानाच्या पाळीवर डोळे ठेवले आणि बाहेर आलो. मामा, त्या दिवशी तुमच्यासमोरून मी बिनतिकीट गेलो आणि तुम्ही मला पकडलं नाहीत. मला वाटत होतं की पकडाल. सोमवारची मी रजा टाकली आहे. त्या दिवशी मी तिथला कोणी नाही, तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा तुमचा भाचा आहे, आणि रजेवरच्या माणसाच्या तोंडाला मेमो लागू होत नाही. आल्या आल्या हात पुढे करा आणि तिकीट मागा.